ब्रेक नवे, गाडी थांबेना

आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत जुन्या जीपवर अजून माणसांचा जीव आहे. मंचरच्या बाजाराला सवारी वाहून थकलेली एखादी जीप गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असते. घरातला मुलगा पुण्यात नोकरीला लागला की पहिल्या बोनसमध्ये तिला रंग लागतो आणि दुसऱ्यात ब्रेक येतात. मूळच्या जीपला चारही चाकांना ड्रम असतात आणि बूस्टर नसतो. ते काढून पुढे डिस्क बसतात, मोठे कॅलिपर, नवे पॅड, नवा मास्टर सिलिंडर. मग निरगुडसरहून पारगावच्या रस्त्याला गाडी काढून पहिला ब्रेक दाबावा, तर ती आधीपेक्षा लांब जाऊन थांबते.

गिऱ्हाईक म्हणतं, माल डुप्लिकेट आहे. मिस्त्री म्हणतो, थोडी चालू द्या, सेट होईल. दोघांच्याही बोलण्यात थोडंथोडं तथ्य असू शकतं, पण खरी गोष्ट बहुधा तिसरीच असते आणि ती मला तरी या दोघांच्या भांडणापेक्षा कितीतरी रंजक वाटते. ब्रेकचं बळ कुठल्याही एका भागात नसतंच. ते भागांच्या मापांमधल्या प्रमाणात असतं. एक भाग बदलला की ते प्रमाण बदलतं, आणि दुकानातल्या खोक्यावर हे कुणी लिहून देत नाही.

आता पायापासून निघू. समजा, पेडलवर पायाने ३० किलोचा जोर दिला. पेडल ही तरफ आहे, साधारण पाचास एक या प्रमाणाची, म्हणून मास्टर सिलिंडरच्या दांड्यावर १५० किलो पोचतात. मास्टरच्या पिस्टनचा व्यास १९ मिलिमीटर असेल तर त्याचं क्षेत्रफळ भरतं २.८४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे तेलात दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ५३ किलोचा दाब. बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवलं. तोच ५३ किलोचा दाब पुढच्या चाकातल्या ५४ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर पडतो, आणि त्याचं क्षेत्रफळ आहे जवळपास २३ चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा: १,२०० किलो. पायाच्या ३० किलोंचे चाळीस पट होऊन ते एका चाकातल्या पॅडवर उभे राहिले, आणि दुसऱ्या चाकातही तेवढेच. मधे ना गिअर, ना साखळी. पेन्सिलीपेक्षा बारीक नळीतलं थोडंसं तेल, बस्स.

आता याच जीपला कुणीतरी हौसेने मोठा, २५.४ मिलिमीटरचा, म्हणजे एक इंची मास्टर बसवला. मोठा म्हणजे दमदार असणार, असं कुणालाही वाटेल. पण त्याचं क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटरच्या वर जातं. तेच १५० किलो आता जास्त जागेवर पसरतात आणि दाब उतरतो ३० वर. पॅडवर १,२०० च्या जागी उरतात ६८० किलो. वर फसवणूक अशी की पेडल मात्र झकास लागतं. घट्ट, आखूड, दगडासारखं. पायाला वाटतं काय ब्रेक आहे, आणि गाडी पुढे चाललेली असते. ब्रेक बदलल्यावरच्या तक्रारींत ही मला सगळ्यांत आवडणारी तक्रार आहे, कारण इथे पाय आणि डोळे एकाच वेळी दोन वेगळ्या साक्षी देतात, आणि डोळ्यांची साक्ष खरी असते.

उलट चूकही तितकीच होते. मास्टर जुना ठेवला आणि कॅलिपर मोठे, दोन-दोन पिस्टनचे आणले. आता जोर भरपूर मिळतो, पण तेल पुरत नाही. ५४ मिलिमीटरचा पिस्टन अर्धा मिलिमीटर सरकायला सव्वा घन सेंटिमीटरहून थोडं कमी तेल लागतं. पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ वाढलं की तेवढ्याच सरकण्याला जास्त तेल हवं, आणि ते ढकलायला मास्टरला जास्त चाल करावी लागते. पेडल खाली, आणखी खाली, शेवटी फ्लोअरला. जोर वाढवाल तेवढी चाल मोजावी लागते, हा तरफेचा जुना हिशोब तेलातही सुटत नाही.

पेडल खाली जाण्याचं दुसरं कारण हवा. गॅरेजात म्हणतात, ‘एअर पकडली’. तेल दाबलं तरी जवळपास दबत नाही, हवा मात्र दबते. लाइनमध्ये फक्त एक घन सेंटिमीटर हवा अडकली असेल, तर ५० किलोच्या दाबाखाली ती आकसून पन्नासाव्या हिश्शावर येते, म्हणजे जवळजवळ नाहीशीच होते. तिची जागा भरायला मास्टरच्या पिस्टनला साडेतीन मिलिमीटर फुकट धावावं लागतं, आणि पाचास एक या हिशोबाने पायाखालचं पेडल १७ मिलिमीटर उगाच उतरतं. एवढीशी हवा, आणि पायाला सगळा ब्रेक स्पंजी!

ही हवा काढायला कॅलिपरला निपल असतं. एक जण पेडल पंप करून धरतो, दुसरा खाली निपल सैल करतो, पारदर्शक नळीतून बुडबुडे जातात, निपल आवळल्यावरच पेडल सोडायचं. हे सगळं मन लावून केलं तरी कधीकधी ब्रेक स्पंजीच राहतो. तिसऱ्यांदा डबाभर तेल ओतून झालं की मिस्त्री हवालदिल होतो. अशा वेळी एकच गोष्ट बघायची: निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या? डावं कॅलिपर उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवलं तर बोल्ट बिनतक्रार बसतात, चाक फिरतं, सगळं ठीक दिसतं. फक्त निपल तळाला जातं आणि हवा माथ्यावर घर करून बसते. ती तिथून जन्मात निघणार नाही. दोन्ही कॅलिपरांची अदलाबदल करा, विषय संपला.

ड्रमला आपण जुनाट म्हणून निकालात काढतो, पण त्याच्या पोटात एक करामत होती आणि डिस्क लावताना ती हातची जाते. ड्रमच्या आत दोन शू असतात. फिरता ड्रम त्यातल्या एका शूला घासत घासत स्वतःकडेच ओढून घेतो. म्हणजे चाक जितकं पुढे धावू बघतं, तितका तो शू जास्त रुततो. गाडीचा वेगच गाडीला थांबवायला हातभार लावतो! डिस्कमध्ये असं काही नाही. पॅड बाजूने दाबले जातात, डिस्कचं फिरणं त्यांना आत ओढत नाही. तुम्ही द्याल तेवढंच मिळेल. त्यामुळे ड्रमसाठी बेतलेल्या दाबावर डिस्क चालवली तर ती मलूलच लागणार. तिचा इमानदारपणा हाच इथे तिचा दोष ठरतो. तरी डिस्क हवीच असते, कारण तापल्यावर ड्रम फुगून शूपासून दूर सरतो, आणि पावसात भिजला तर वाळायला वेळ घेतो. डिस्क उघडी असते, लवकर वाळते, लवकर निवते. १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने बाजी मारली, ती याच गुणावर.

डिस्कची ही भूक भागवायला बूस्टर आला. बॉनेटखालच्या त्या काळ्या, डब्यासारख्या भागात जोर कुठून येतो हे कळल्यावर मी थक्क झालो होतो. त्यात मोटार नाही, स्प्रिंगचा जोर नाही. मधे एक रबरी पडदा आहे. एका बाजूची हवा इंजिन ओढून घेतं, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा सोडली जाते. पडद्याचा व्यास नऊ इंच असेल तर क्षेत्रफळ चारशे चौरस सेंटिमीटरच्या वर. दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलोचा फरक मिळाला तरी सुमारे २८० किलो होतात. निरगुडसरच्या शिवारावरची हीच हवा, जिचं वजन आपल्याला कधी जाणवत नाही, ती ब्रेक दाबत असते.

पण जुन्या जीपचं घोडं अडतं ते इथेच. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप वाट अडवते, म्हणून इनटेकमध्ये पोकळी तयार होते आणि बूस्टरची नळी तिथे जोडता येते. डिझेल इंजिनात अशी झडप नसते आणि ओढही नसते. म्हणून डिझेल गाड्यांना वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, पुष्कळदा तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. डिझेल जीपला बूस्टर लावला आणि नळी सरळ इनटेकला टोचली, तर बूस्टर ही बॉनेटखालची शोभा उरते. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल पायाखाली थोडं आत गेलं तर बूस्टर जिवंत आहे. हललंच नाही तर नळी, वन-वे व्हॉल्व्ह आणि पंप बघा.

सगळी मापं जुळली, हवा निघाली, बूस्टर चालला, आणि तरीही पहिले काही दिवस ब्रेक कमजोर. इथे मिस्त्रीचं ‘सेट होईल’ खरं ठरतं, पण नुसतं थांबून सेट होत नाही. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसला नाही तर पॅड पहिल्याच दिवशी तेल पितात. नंतर पॅड आणि डिस्क यांची ओळख व्हावी लागते. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे ते दोन पृष्ठभाग खरं तर उंचवट्यांवरच टेकतात. शिवाय पॅड डिस्कला फक्त खरवडत नाही. तापल्यावर तो आपल्याच मसाल्याचा अतिशय पातळ थर डिस्कवर लिंपतो, आणि पुढे त्या थरावर पॅडची पकड बसते. हा थर सारखा बसावा म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासवरून दहापर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा वेग कमी करायचा. मधे पूर्ण थांबायचं नाही. मग ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून सगळं निवू द्यायचं. तापलेले पॅड दाबून धरून उभं राहिलं तर त्याच जागी मसाल्याचा जाड ठसा उमटतो आणि पुढे ब्रेक थरथरतो. मग ‘डिस्क वाकली’ म्हणून लोक ती फेकून देतात. पुष्कळदा ती सरळच असते.

या मसाल्याचा पूर्वज बुटाचा तळवा आहे. इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगरात घोडागाडीवाले उतारावर लाकडी ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचे तुकडे लावत. ते पाहून हर्बर्ट फ्रूडने १८९७ मध्ये लायनरचा कारखाना काढला, तोच पुढे फेरोडो झाला. आज पॅडचे प्रकार इतके की निवडतानाही फसायला होतं. शर्यतीचे पॅड तापल्यावर अप्रतिम चालतात, पण थंड असताना त्यांची पकड साध्या पॅडहूनही कमी असते. निरगुडसर ते मंचर या रस्त्यावर ते कधी तापतच नाहीत. महाग वस्तू घेऊन ब्रेक बिघडवण्याचा हा राजमार्ग.

आता उष्णतेकडे वळू. १,५०० किलोची गाडी ताशी ८० वरून थांबवली की सुमारे ३७० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. साध्या तापमानाचं जवळपास १.२ लिटर पाणी उकळीला यावं, एवढी. तीन-चार सेकंदांत! पुढच्या दोन डिस्क मिळून १६ किलोच्या धरल्या आणि सत्तर टक्के उष्णता त्यांच्या वाट्याला आली, तर एका थांब्याला त्या ३५ अंशांनी तापतात. काही विशेष नाही. पण भीमाशंकरहून किंवा माळशेज घाटात ३०० मीटर खाली उतरताना फक्त ब्रेकवर गाडी धरली तर त्याच्या बारा पट ऊर्जा जिरवावी लागते, आणि वाऱ्याने काहीच नेलं नाही असं समजलं तर डिस्क ४०० अंशांनी तापतील. या भागातले बैलगाडा शर्यतीचे घाट चढाचे असतात. गाड्याला ब्रेक नाही, पण बैलांच्या वेगातली ऊर्जा तो चढ खातो. जीपला उतारावर अशी सवलत नसते. तिला दुसरा गिअर टाकून इंजिनाच्या अंगावर थोडा भार द्यावा लागतो.

एवढ्या उष्णतेत तेलाचं काय होतं? ब्रेक ऑइल म्हणून विकतात ते इंजिन ऑइलच्या जातीचं नसतं. त्यात चुकून खनिज तेल पडलं तर सगळी रबरं फुगून बाद होतात. शिवाय ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारचं ताजं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पण ओल शिरल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की वाफ होते, वाफ हवेसारखीच दबते, आणि पेडल एकाएकी फ्लोअरला टेकतं. पाच मिनिटं थांबा, निवलं की ब्रेक परत येतो आणि गॅरेजात काहीच दोष सापडत नाही. नवे ब्रेक लावले पण तेल जुन्या अर्धवट उघड्या डब्यातलं घातलं, की हा चमत्कार घाटात हमखास दिसतो.

एका बाजूला ओढणारा ब्रेक या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचं वेगळं पेडल असतं, शेताच्या कडेला एकच दाबून वळतात आणि रस्त्यावर येताना दोन्ही जोडतात. जीपचं एक कॅलिपर अडकलं की तिचाही न जोडलेला ट्रॅक्टर होतो.

तरीही एक प्रश्न राहतोच. सगळं निर्दोष आहे, आणि थांबायचं अंतर जुन्याएवढंच! याचं उत्तर टायरखाली आहे. गाडीला शेवटी थांबवतो तो रस्ता, चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठशांमधून. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला तर ताशी ८० वरून थांबायला ३१-३२ मीटर लागणारच, ओल्यावर ०.५ धरला तर ५० मीटर. ऊस तोडणीच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेल्या चिखलावर तर बोलायलाच नको. जुने ब्रेक चारही चाकं लॉक करू शकत होते, तर नवे त्याहून जास्त काही करू शकत नाहीत. मोठ्या डिस्कची खरी मिळकत दहाव्या वळणावर दिसते, पहिल्या थांब्यावर नाही.

आणि तोलाचा प्रश्न तर फारच नाजूक. जोरात ब्रेक लावला की मागचं वजन पुढे झेपावतं. १,५०० किलोची जीप, चाकांमधलं अंतर २.३ मीटर, गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर, असं धरलं तर कडक ब्रेकला ३०० किलोहून जास्त भार मागून पुढे जातो. हलकी झालेली मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी फिरते. म्हणून मागेही डिस्क बसवून चौफेर सुधारणा करणारा कधीकधी गाडी पूर्वीपेक्षा धोकादायक करून ठेवतो. विद्यार्थी स्वतः बनवलेली गाडी उतरवतात त्या बाजा स्पर्धेत गाडीला मैदानात सोडण्यापूर्वी ब्रेकची परीक्षा असते आणि तिथे चारही चाकं लॉक झालेली दाखवावी लागतात. तोल बिघडलेला असेल तर ते जमणं अवघड जातं. निरगुडसरपासून फार लांब नसलेल्या अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑटोमोबाइल शाखा आहे. तिथल्या मुलांनी असली एखादी बदललेली जीप मोजून पाहावी असं मला फार वाटतं.

सगळं जोडल्यावर कमी वेगात, रिकाम्या रस्त्यावर ब्रेक पाहा, आणि मग चारही चाकांचं तापमान मोजा. करोनात कपाळासमोर धरायचे ते थर्मामीटर इथे चालत नाहीत, वर्कशॉपमधला इन्फ्रारेड हवा. पुढच्या दोन डिस्कपैकी एक १८० आणि दुसरी ९० दाखवत असेल तर संशय थंड डिस्कवर घ्या, कारण ती पुरेसं काम करत नाही. ब्रेक न लावता चार-पाच किलोमीटर चालवूनही चाक तापलं असेल तर पॅड सुटत नाहीत. खरं तर पॅड मागे घ्यायला कॅलिपरमध्ये स्प्रिंगसुद्धा नसते. पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबरी रिंग दाबाने किंचित पिळते आणि दाब गेल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते, एवढ्यावर सारं चालतं. ड्रमच्या मास्टरमध्ये थोडा दाब कायम राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनवर तसाच राहिला तर रिंगेचं काही चालत नाही. मास्टरच्या दांड्याला मोकळीक नसली तरी तेच होतं, तेल परतायचं छिद्र झाकलेलं राहतं.

दोष कुठे आहे ते पान्याने शोधता येतं. गाडी सपाटीवर जॅकवर घ्या, बाकीच्या चाकांना ओट लावा, आणि मास्टरजवळचा लाइनचा नट किंचित सैल करा. अडकलेलं चाक सुटलं तर दोष मास्टरमध्ये, व्हॉल्व्हमध्ये किंवा दांड्याच्या मापात. तिथे सुटलं नाही आणि कॅलिपरचं निपल सैल केल्यावर सुटलं तर मधला रबरी होस आतून सोलून बुजला आहे, तो तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. निपल उघडूनही चाक हाताने फिरत नसेल तर तेलाचा संबंधच नाही. कॅलिपरच्या पिना सुकल्या आहेत किंवा पिस्टन गंजला आहे. पिना काढा, साफ करा, त्यांच्यासाठीचंच ग्रीस लावा, पिस्टन बघा, परत बसवा, आणि पुन्हा एकदा हवा काढा.